सीलबंद उत्तर : कोडी, करोडपती आणि प्रेक्षकांची हरकत

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेतला प्रश्न हा एक गद्यप्रकार आहे, असे म्हटले तर वाङ्मयाच्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडेल. पण जरा पाहा. एक वाक्य, त्याखाली चार पर्याय, वाचकवर्ग काही लाखांचा आणि लेखक निनावी. एवढ्या लोकांनी एकाच वेळी, श्वास रोखून वाचलेले दुसरे गद्य मराठी माणसाच्या आयुष्यात क्वचितच येते. तरी या गद्याची चिकित्सा कुठल्या नियतकालिकात होत नाही. ती होते घरात, जेवणाच्या ताटावर आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर. वारणानगर-कोडोलीच्या बाजूला ऊस, दूध आणि राजकारण यांच्यानंतर भांडायला हा विषय पुरतो, हे मी गेली काही वर्षे पाहतो आहे. ‘उत्तर चुकीचे दिले’, ‘प्रश्नच चुकीचा होता’, ‘दोन पर्याय बरोबर होते’ अशा हरकती मी एका वहीत उतरवून ठेवतो आणि सवड मिळेल तशा तपासतो. त्या वहीतून हाती लागले ते असे, की भांडण बहुतेक वेळा ज्ञानावरून नसते. बरोबर उत्तर कोणाच्या ताब्यात असावे, यावरून ते असते.

हे भांडण आपल्याकडे जुने आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात भेदिक शाहिरी अजून ऐकायला मिळते. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने पुराणातले कूट घालायचे, दुसऱ्याने ते कवनातच फोडायचे. अनंत माने यांच्या १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका!’मुळे सवाल-जवाब शहरातल्या पांढरपेशांनाही ठाऊक झाला, पण पडद्यावर त्यातली चुरस जास्त दिसते, रीत कमी. रीत अशी, की प्रश्न घालणारा शाहीर समोर उभा असतो. त्याचे नाव-गाव श्रोत्यांना माहीत असते. उत्तर पटले नाही तर आधार मागता येतो आणि तो आधार सभेतल्या जाणत्यांच्या कानावर पडतो. निवाडा चुकतही असेल, पक्षपातीही होत असेल, पण तो चारचौघांत होतो. प्रश्नकर्ता पडद्यामागे आणि उत्तर पाकिटात, ही व्यवस्था नंतरची.

ती व्यवस्था शब्दकोड्यांनी आणली. बक्षिसी शब्दकोड्यांचे एक वेड या देशात येऊन गेले, त्याची आठवण आता कायद्याच्या पुस्तकांतच उरली आहे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या इंग्रजी साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी चालत. तो अंक मुंबई राज्यातही भरपूर खपे आणि प्रवेशपत्रिका व पैसे गोळा करायला इथे केंद्रेही होती. मुंबई राज्याने १९४८ मध्ये सोडती आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला होता. १९५२ मध्ये तो बाहेरच्या राज्यांत छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही लागू केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. ही कोडी म्हणजे जुगार आहे आणि जुगार हा व्यापार नव्हे, असा तो निवाडा. वकील मंडळी हा निकाल व्यापार-स्वातंत्र्यासाठी आणि अलीकडे मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांसाठी वाचतात. मला त्यात दुसरेच दिसते.

कोडे जुगार कसे ठरते? नमुन्यासाठी एक मीच रचतो. तीन अक्षरी शब्द, शेवटची दोन अक्षरे ‘रण’, सूत्र असे : ‘उतारवयात माणसाच्या मनात हे वारंवार येते.’ मरण लिहा, सरण लिहा, भाविक असाल तर चरण लिहा. तिन्हींची बाजू मांडता येते. बक्षीस मात्र ज्याचा शब्द संयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाशी जुळेल त्याला. मुंबईच्या कायद्याने नेमका हाच प्रकार व्याख्येत धरला होता : ज्या स्पर्धेचे उत्तर संयोजकाने अगोदर तयार करून ठेवलेले असते ती. तिथे भाषेची जाण कामाला येत नाही. दुसऱ्याच्या मनात काय होते याचा अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज म्हणजे नशीब. कौशल्याला खरोखर वाव असलेल्या स्पर्धा न्यायालयाने वेगळ्या मानल्या. म्हणजे ज्या उत्तरावर वाद घालून काही उपयोग नाही ते उत्तर ज्ञानाच्या प्रांतातले नव्हे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून निघाले, तेही एका शब्दकोड्याच्या निमित्ताने. साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे निकालपत्र लावायला हरकत नाही.

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० ला सुरू झाला. मूळ खेळ ब्रिटनचा, १९९८ चा. (त्याच साली आमच्याकडे वारणा परिसरातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आला होता; ‘माहिती’ हा शब्द तेव्हा मंत्रासारखा उच्चारला जाई.) मराठीत तो २०१३ मध्ये सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनाखाली आला, पुढे वाहिन्या बदलल्या, स्वप्नील जोशी, नागराज मंजुळे येऊन गेले आणि पुन्हा खेडेकर आले. हा इतिहास सर्वांना पाठ आहे. या खेळातले प्रश्न कोड्यासारखे दुहेरी नसतात, त्यांना वस्तुस्थितीचा आधार असतो, हे मान्यच केले पाहिजे. पण निवाड्याची पद्धत सीलबंद पाकिटाचीच. सूत्रसंचालक कितीही आदबशीर असो, तो संगणकाकडे बोट दाखवतो आणि संगणकाला ‘कशावरून?’ असे विचारता येत नाही.

सप्टेंबर २०२१ मधले प्रकरण घ्या. भारतीय संसदेची प्रत्येक बैठक सामान्यतः कशाने सुरू होते, असा प्रश्न होता. पर्यायांत शून्य प्रहर होता आणि प्रश्नोत्तराचा तासही होता. बरोबर ठरले प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकाने जाहीर हरकत घेतली, की लोकसभेत तसे असले तरी राज्यसभेत शून्य प्रहर आधी येतो. कार्यक्रमाचे निर्माते सिद्धार्थ बसू यांनी चूक नाकारली आणि दोन्ही सभागृहांच्या माहितीपुस्तिकांकडे बोट दाखवले. दोघांचे म्हणणे कागदावर तपासता येते. राज्यसभेने २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वरून दुपारी १२ वर नेला. सभागृह बसते ११ ला. मधल्या तासात पटलावर कागदपत्रे ठेवली जातात आणि सदस्य तातडीचे विषय मांडतात, त्यालाच आपण शून्य प्रहर म्हणतो. गंमत अशी, की ‘शून्य प्रहर’ हा शब्द नियमांच्या पुस्तकात नाही. तो प्रथेने रुळलेला. म्हणजे नियमपुस्तक उघडून बसणाऱ्याला शून्य प्रहर सापडायचाच नाही आणि सभागृहाचे प्रक्षेपण पाहणाऱ्याला तो रोज दिसायचा. वाद संसदेविषयीचा राहतच नाही. ‘सामान्यतः’ या एका क्रियाविशेषणात पुस्तक मोजायचे की प्रत्यक्ष व्यवहार, एवढाच मुद्दा उरतो. आणि ‘प्रत्येक’ हा शब्द ‘सामान्यतः’च्या शेजारी बसवणाऱ्या लेखकाला दोन्ही एकमेकांना खातात हे दिसायला हवे होते. माझे मत हरकत घेणाऱ्याच्या बाजूचे आहे. प्रश्नात ‘लोकसभेची’ एवढा बदल केला असता तर सगळे मिटले असते.

ब्रिटनच्या मूळ कार्यक्रमालाही १९९९ मध्ये असाच ठेच लागली होती. टेनिसचा एक सेट जिंकायला खेळाडूला कमीत कमी किती फटके मारावे लागतात? २४ हे उत्तर बरोबर धरले गेले : सहा गेम, प्रत्येकी चार गुण. पण प्रतिस्पर्ध्याने आपल्या तिन्ही गेममध्ये प्रत्येक सर्व्हिस दोनदा चुकवली तर आपल्याला रॅकेट हलवावीही लागत नाही, उरले १२. स्पर्धकाचे पैसे त्याच्याकडेच राहिले, हे योग्यच झाले. ज्याने हे पहिल्यांदा मोजले त्याने टेनिसचा नव्हे, ‘कमीत कमी’ या शब्दाचा अभ्यास केला होता.

आपल्याकडे मात्र सर्वांत मोठे वादळ उठले ते उत्तरावरून नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुघल सम्राट औरंगजेबाचा समकालीन राज्यकर्ता कोण, असा प्रश्न आला. पर्याय : महाराणा प्रताप, राणा सांगा, महाराजा रणजितसिंह आणि नुसते ‘शिवाजी’. महाराष्ट्र पेटला, वाहिनीने आणि अमिताभ बच्चन यांनी दिलगिरी व्यक्त केली. बाहेरच्यांना हा अस्मितेचा गदारोळ वाटला. मला ती पाठचिकित्सा वाटते, आवाज मोठा असला तरी. प्रश्नातल्या पाच राजांपैकी चौघांना बिरुद आहे, एकालाच नाही. सगळ्यांना एकेरी ठेवले असते तर तो कोशाचा शिरस्ता म्हणता आला असता. इथे विषमता मजकुरातच आहे आणि सामान्य प्रेक्षकाने ती पहिल्या वाचनात टिपली. खंत वेगळी आहे. माफी आली आणि विषय संपला. राणा सांगा १५२८ मध्ये गेले, प्रताप १५९७ मध्ये, औरंगजेबाचा जन्म १६१८ चा आणि रणजितसिंहांचा १७८०. म्हणजे पर्याय इतके ढिले होते, की शतकांचे नुसते भान असलेल्यालाही उत्तर मिळावे. या ढिसाळपणावर कोणी बोलले नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस, २५ डिसेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या, असे विचारले गेले. चारही पर्याय हिंदू ग्रंथांचे होते, म्हणून लखनौमध्ये गुन्हा नोंदला गेला आणि लातूर जिल्ह्यातल्या एका आमदारांनीही तक्रार दिली. ही हरकत मला टिकणारी वाटत नाही. चकवा पर्याय एकाच जातीचे ठेवावे लागतात, नाहीतर प्रश्न स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. मनुस्मृतीशेजारी तीन परक्या धर्मांचे ग्रंथ ठेवले असते तर प्रश्न उरलाच नसता. खरी उणीव या प्रकारच्या गद्याचीच आहे : महाडच्या त्या परिषदेत दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या कार्यकर्त्याने मांडला होता, ही गोष्ट चार पर्यायांच्या चौकटीत कधीच मावणार नाही.

कोल्हापूरकरांचा स्वतःचा वाद २०२२ चा. कोल्हापूरच्या कविता चावला, बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, त्या सप्टेंबरात एक कोटीवर पोचल्या. साडेसात कोटींच्या प्रश्नावर त्यांनी खेळ सोडला : गुंडप्पा विश्वनाथ कोणत्या संघाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले? उत्तर आंध्र. दुसऱ्या दिवशी जो तो क्रिकेटपंडित. ‘विश्वनाथचं पदार्पण कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १३७, द्विशतक आलं कुठनं?’ असे मी स्वतः दोघांकडून ऐकले. कानपूरची माहिती बिनचूक आहे, पण ती १९६९ च्या कसोटीची. प्रश्नातले पदार्पण १९६७ चे, रणजी करंडकातले, म्हैसूरकडून, २३० धावांचे. ‘प्रथम श्रेणी’ हे दोन शब्द गळले की खरी माहितीच खऱ्या उत्तराच्या आड येते. इथे प्रश्नकर्ता निर्दोष आहे. प्रेक्षक नेहमीच बरोबर असतो असे माझे म्हणणे नाही. तो मजकुरावर बोट ठेवतो की आठवणीवर, इतकेच पाहायचे.

आमच्या भागात या सवयीला पोटापाण्याचे मोल आहे. अभ्यासिकांत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी मुले-मुली राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी यांच्या तयारीत असतात आणि त्यांचे आयुष्य अशाच चार पर्यायांवर टांगलेले असते. लोकसेवा आयोगाला निदान एक रीत आहे : पहिली उत्तरतालिका जाहीर होते, उमेदवार आधारासह हरकत नोंदवतात, मग अंतिम तालिका लागते, त्यात उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. हरकत लिहिताना ‘मला असे वाटते’ चालत नाही, ग्रंथ आणि पान द्यावे लागते. भेदिकातल्या सभेचे काम इथे कागद करतो. या तालिकांवरून आंदोलने झाली, मुले कोर्टातही गेली. ती रीत निर्दोष नाही. पण पाकीट फोडायची मुभा तिच्यात आहे. एक गुणाने हुकलेला मुलगा टीव्हीसमोर बसून ‘कशावरून?’ म्हणतो, तेव्हा घरच्यांना तो चिडका वाटतो. त्याचा तो रियाज असतो.

माझ्या वहीतला आवडता प्रश्न २०१९ चा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत दीड हजार रुपये महिन्यावर खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नाशी थांबल्या : यांपैकी कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? राजस्थान, बिहार, पंजाब, आंध्र प्रदेश. या प्रश्नाला पाठांतर लागत नाही, मोजणी लागते आणि ती कोणालाही घरी बसून करता येते. शंकर दयाळ शर्मा आंध्रचे होते आणि पंजाबचेही (आपलेही होते, पण महाराष्ट्र पर्यायांत नाही). प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या. झाकिर हुसेन बिहारचे, रामनाथ कोविंदही बिहारचे. म्हणजे दोनास एक. २०१७ च्या आधी विचारला असता तर चौघांचे एकेक होऊन प्रश्नच बाद झाला असता. उत्तरावर तारीख लिहिलेली नव्हती, इतकेच. जुलै २०२२ मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल राष्ट्रपती झाल्या, तेव्हा मी वहीत झारखंडपुढे एक रेघ ओढली. बिहारपुढे अजून दोनच आहेत.