शोधकथा आणि शक्तिग्रह

बालसाहित्याच्या भाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा सोपेपणाच्या निकषावर येऊन थांबते. मुलाला ठाऊक नसलेला शब्द त्याच्या पुस्तकात येऊ नये, आणि आलाच तर धड्याच्या शेवटी त्याचा अर्थ द्यावा, असा हा संकेत आहे. त्यामागे एक गृहीतक दडलेले असते : शब्दाचे ज्ञान आधी आणि संहितेचे आकलन नंतर. हे गृहीतक तपासण्यासाठी मुलांची रहस्यकथा हा साहित्यप्रकार विशेष उपयुक्त आहे. कारण वाचकाला काहीतरी ठाऊक नसणे हीच त्याच्या रचनेची पूर्वअट असते.

शब्दाचा अर्थ प्रथम कसा कळतो, या प्रश्नाला भारतीय परंपरेत 'शक्तिग्रह' अशी संज्ञा आहे. नव्यन्यायाच्या ग्रंथांत त्याची आठ साधने सांगितली जातात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि परिचित पदाचे सान्निध्य. कोश हे या आठांपैकी केवळ एक साधन आहे, ही गोष्ट शब्दार्थांच्या याद्या करणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. यांतील व्यवहाराला अनेक शास्त्रकार अग्रस्थान देतात. एक वडीलधारा दुसऱ्याला 'गाय आण' असे सांगतो, दुसरा गाय आणतो आणि जवळचे मूल ते पाहते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये ऐकताना कोणते पद गेले, कोणते आले आणि त्याबरोबर कृतीत काय बदलले, यावरून ते एकेका पदाचा अर्थ वेगळा काढते. आवाप आणि उद्वाप यांची ही प्रक्रिया मूलतः अनुमानाची आहे. ते मूल एका परीने शोधकच असते.

एरिक केस्टनर यांची 'एमिल आणि डिटेक्टिव्ह' ही जर्मन कादंबरी (१९२९) मी प्रथम वाचली ती भाषा शिकणारा प्रौढ विद्यार्थी म्हणून. जर्मन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती हे पुस्तक अनेक दशके दिले गेले आहे, ते केवळ भाषा सोपी म्हणून नव्हे असे मला वाटते. नॉयश्टाटचा एमिल टिशबाइन आजीकडे बर्लिनला निघतो. केशभूषा करून घर चालवणाऱ्या आईने दिलेले १४० मार्क त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहेत. डब्यात त्याला झोप लागते आणि ग्रुंडआइस नावाचा सहप्रवासी ते पैसे लांबवतो. बर्लिनमधली मुले एकत्र येऊन त्या माणसाचा माग काढतात, एवढेच कथानक.

कादंबरी सुरू होण्याआधीच केस्टनर वाचकाला शब्दाशी खेळायला लावतात. प्रास्ताविकातील लेखक दक्षिण समुद्रावरची कादंबरी लिहू पाहतो आणि देवमाशाला पाय किती, या प्रश्नावर अडतो. पुढे जमिनीवर पडून टेबलाचे पाय न्याहाळताना त्याला टिशबाइन हे आडनाव आठवते. जर्मनमध्ये 'टिश' म्हणजे टेबल आणि 'बाइन' म्हणजे पाय. परक्या वाचकाला येथे सामासिक शब्द फोडण्याची रीत कळते. आणि ती नियम म्हणून न येता नायकाच्या नावाची जन्मकथा म्हणून येते. त्यानंतर वाल्टर ट्रियर यांची दहा चित्रे येतात व प्रत्येकाखाली त्या व्यक्तीचा वा स्थळाचा परिचय असतो. शास्त्रीय परिभाषेत ही विवृतीच होय.

मात्र शक्तिग्रहाचे खरे स्थान 'श्टेकनाडल' या शब्दापाशी आहे. एमिल नोटांचे पाकीट टाचणीने कोटाच्या अस्तराला टाचून ठेवतो. पहिल्या वाचनात मला हा शब्द ठाऊक नव्हता. पैसे सुरक्षित राहावेत म्हणून वापरलेली काहीतरी लहानशी वस्तू, एवढे वाक्यशेषावरून उमगले आणि मी पुढे गेलो. एमिल जागा होतो, खिसा चाचपतो. पाकीट नसते आणि तीच वस्तू त्याच्या बोटात रुतते. आता ती टोचते हे कळले. शेवटी बँकेत नोटा आपल्याच आहेत हे सिद्ध करण्याची वेळ येते, तेव्हा नोटांना पडलेली भोके हा निर्णायक पुरावा ठरतो. येथे वस्तूचा अर्थ आणि शब्दाचा अर्थ एकाच वेळी पूर्ण होतो. शब्द तीन वेगळ्या कृतींच्या संदर्भांत आला, आणि प्रत्येक वेळी आधीचा अंदाज अधिक रेखीव झाला. आवाप-उद्वापाचे याहून नेटके उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण.

ही कादंबरी आप्तवाक्याचीही परीक्षा घेते. ग्रुंडआइस डब्यात एमिलला बर्लिनची माहिती देतो : तेथे शंभर मजली घरे आहेत आणि त्यांची छपरे आकाशाला बांधावी लागतात, पैसे नसतील तर बँकेत मेंदू गहाण ठेवता येतो. अपरिचित नगराविषयी सांगणारा वडीलधारा म्हणून तो आप्ताच्या जागी बसलेला आहे. पण तो आप्त नाही. पुढे तो स्वतःची नावेही बदलतो : ग्रुंडआइस, म्युलर, कीसलिंग. अर्थ सांगणाऱ्याची विश्वसनीयता हा अर्थनिर्णयाचाच भाग आहे, हे वाचक येथे शिकतो. शब्दार्थाची यादी हे कधीच शिकवू शकत नाही, कारण यादी खोटे बोलत नाही असे आपण धरूनच चालतो.

मुलांनी ठरवलेला 'पारोल एमिल' हा परवलीचा शब्द याच दृष्टीने पाहता येईल. नैयायिक पद आणि अर्थ यांच्या संबंधाला 'संकेत' म्हणतात. अमुक पदाने अमुक अर्थ कळावा अशी ती इच्छा असते. असा संकेत कोणी, कशासाठी आणि कोणापुरता निर्माण केला, हे वाचकाला येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

या प्रतिपादनाला मर्यादा आहेत. रहस्यकथेची ओढ वाचकाला घाईने पुढे नेते, आणि कथानकाला आवश्यक नसलेले शब्द मागेच राहतात. वाचनाच्या ओघात भेटलेला अपरिचित शब्द एका भेटीत शिकला जाण्याची शक्यता सुमारे वीसात एक असते, असा नेगी, अँडरसन आणि हर्मन यांच्या १९८७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. उलट सारागी, नेशन आणि मायस्टर यांनी १९७८ मध्ये अँथनी बर्जेस यांची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' शब्दसूचीविना प्रौढ वाचकांना दिली, तेव्हा तिच्यातील बनावट बोलीच्या शब्दांवरील चाचणीत सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. एक भेट पुरत नाही; आवृत्ती हवी, आणि शब्दावाचून अडले पाहिजे. रहस्यकथा या दोन्ही गोष्टी सर्व शब्दांना देत नाही, परंतु ज्यांवर पुरावा उभा आहे त्यांना हमखास देते. आणखी एक भेद मान्य करावा लागेल. शोधकाचे अनुमान एका निष्कर्षावर संपते. शब्दाचा अर्थ मात्र शेवटच्या पानानंतरही वाढत राहतो.

मग मोल कशाचे? माझ्या मते शिकलेल्या शब्दसंख्येपेक्षा अर्थ अपुरा असताना वाचत राहण्याच्या सवयीचे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा 'ट्टॉक्' कोशात सापडायचा नाही. तरी तो केव्हा उमटणार, हे मराठी मुलांना अचूक कळत आले, ते व्यवहारातून. पदव्युत्तर वर्गात ज्ञानेश्वरीची ओवी समोर येताच टीपा शोधणारे आणि टीप न मिळाल्यास थांबणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्यांच्यापाशी शब्द कमी आहेत असे नाही. अपरिचित पदाभोवती अंदाज बांधावा, पुढच्या ओळीत तो तपासावा आणि चुकल्यास सोडून द्यावा, हा धीर त्यांना मिळालेला नाही. दहाव्या वर्षी प्रत्येक शब्द आधीच सोपा करून देणाऱ्या पुस्तकांनी त्यांच्या वाटची टाचणी काढून घेतली होती, असे म्हणावे लागते. बालसाहित्याच्या समीक्षेने सोपेपणाची मागणी करण्याआधी या हानीचा हिशेब मांडायला हवा.