सेवाव्रती डॉक्टर आणि चुलीचा धूर

आपल्याकडे डॉक्टरांची चरित्रे विपुल लिहिली जातात, परंतु त्यांत वैद्यक क्वचितच सापडते. चरित्रनायक अपरात्री रुग्णाकडे धावतो, गरिबांकडून पैसे घेत नाही, अखेरीस एखाद्या पदकाचा मानकरी होतो. मात्र रोगाविषयी त्याने कोणता विचार केला, कोणती रूढ समजूत त्याच्यामुळे मोडली, हे पुस्तक मिटल्यावरही कळत नाही. ‘सेवाव्रती’ हे विशेषण एकदा लावले की लेखक मोकळा होतो.

या तक्रारीचे निमित्त आहे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांचे. ऑगस्ट २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचे कोविडने निधन झाले. तेव्हा आलेले मृत्युलेख आम्ही जपून ठेवले आहेत. १९१७ साली ब्रह्मदेशात जन्म, रंगून येथे वैद्यकीय शिक्षण, १९४२ च्या जपानी आक्रमणात देशत्याग, युद्धानंतर लंडन, पुढे अमेरिकेत हेलन टॉसिग व पॉल डडली व्हाइट यांच्या हाताखाली अध्ययन. १९५३ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात आगमन, १९५४ साली तेथे हृद्रोगचिकित्सालय, १९६२ साली अखिल भारतीय हार्ट फाउंडेशन, १९६७ साली पद्मभूषण, १९९२ साली पद्मविभूषण. हे सारे खरे आहे. पण हा सेवापुस्तकातील तपशील झाला. (कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या आम्हांला सेवापुस्तकाची किंमत कळते, तशी त्याची मर्यादाही कळते.) त्यावर ‘हृद्रोगशास्त्राची धर्ममाता’ असा मुकुट ठेवला की मृत्युलेख पूर्ण!

मराठी वाचकाला या अपुरेपणाचे फारसे काही वाटत नाही, याचे कारण आमच्या मते आनंदीबाई जोशी. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच, वारल्या. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीपर्यंत ही कथा आपण जिव्हाळ्याने वाचली, आणि नकळत एक साचा मनात बसला: स्त्री-डॉक्टरचे चरित्र म्हणजे पदवी मिळेपर्यंतचा संग्राम. पदवीनंतर सहा दशकांहून अधिक काळ काम करणारी बाई या साच्यात बसत नाही. मग तिच्या देशत्यागाचे नाट्य तेवढे रंगवले जाते, आणि कामाला एक परिच्छेद मिळतो.

ते काम पाहावयाचे असेल तर १९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात पद्मावती व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला लेख वाचावा. विषय दिल्लीतील १२७ रुग्णांचा. फुप्फुसे दीर्घकाळ बिघडली की त्यांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, आणि पायांवर सूज येते. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा व खाणकामगारांचा रोग मानला जाई. दिल्लीत मात्र विडीला न शिवणाऱ्या स्त्रियाही या रोगाने ग्रासलेल्या आढळल्या, त्याही पुरुषांहून कमी वयात. पद्मावतींनी बोट ठेवले ते स्वयंपाकघरातील धुरावर. लाकडे-गोवऱ्यांचा हा धूर मुलगी आईच्या मांडीवर असल्यापासून छातीत घेते. १९७६ साली स्त्री-पुरुषभेदाच्या याच प्रश्नाकडे त्या पुन्हा वळल्या. गरीब गृहिणींना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सरकारने सुरू केली ती २०१६ साली. म्हणजे पहिल्या लेखानंतर सत्तावन्न वर्षांनी.

येथे आमचा तटस्थपणा संपतो, हे वाचकांपासून लपवीत नाही. आमच्या आईने यवतमाळकडील खेड्यात तीस वर्षे पळाट्या-तुराट्यांवर स्वयंपाक केला. फुंकणी हातात घेऊन डोळे पुसणारी आई हेच तिचे आमच्या मनातील पहिले चित्र. पाय सुजू लागले तेव्हा तिला दिल्लीस आणले. एका रुग्णालयात तिला विचारण्यात आले, “बिडी ओढता का?” ती लाजून पदराआड हसली. “नाही” अशी नोंद झाली आणि पुढचा रुग्ण आत आला. चुलीविषयी कोणी विचारले नाही. तो प्रश्न याच शहरात पूर्वी विचारला गेला होता, हे आम्हांस मागाहून कळले.

कोणी म्हणेल, शास्त्रीय लेख म्हणजे चरित्र नव्हे. मान्य. लेखात पद्मावतींचा स्वभाव दिसत नाही, त्यांचा राग दिसत नाही, वाटेत सुटलेली माणसेही दिसत नाहीत. चरित्रकाराचे काम तेथूनच सुरू व्हावे. स्त्रियांसाठीच्या त्या रुग्णालयात, धापा टाकणाऱ्या बाईसमोर बसून ‘घरी काय जाळता?’ असे विचारण्याची बुद्धी या विलायतेत शिकलेल्या तज्ज्ञाला कशी झाली, याचा शोध आम्हांला त्यांच्या सर्व पदकांहून मोलाचा वाटतो. तो घेणारे पुस्तक मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

त्या लेखाचा मथितार्थ आम्ही एका रविवारी आईस सांगितला. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “त्या बायांची नावं लिहिली आहेत का रे त्यात?”

नाही, आम्ही म्हणालो. एकशे सत्तावीस, एवढेच.