टायर, रस्ता आणि शेजारची गाडी

घरच्या संगणकावर खेळायला ‘सर्वांत खरा’ रेसिंग सिम्युलेटर कोणता, या प्रश्नाचं एका नावात उत्तर देणारा माणूस बहुधा स्वतःच्या खर्चाचं समर्थन करत असतो. ज्याने आयरेसिंगवर वर्षानुवर्षं डॉलर ओतले, तो आयरेसिंगचंच नाव घेणार. ज्याच्या संगणकात आसेतो कोर्साच्या फुकट मिळवलेल्या गाड्यांची रांग लागली आहे, तो आसेतो कोर्साच्या बाजूने भांडणार. गोम प्रश्नातच आहे. शर्यतीतला खरेपणा ही एकसंध वस्तू नाही. टायर कसा घसरतो हे एक, खालचा रस्ता किती उंचसखल आहे हे दुसरं आणि शेजारून अंगावर येणारी गाडी कोण चालवतंय हे तिसरं. या तिन्ही ठिकाणी सारखाच प्रामाणिक असलेला सिम्युलेटर आज बाजारात नाही. माझं मत असं की टायर आणि रस्ता हे प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत बव्हंशी सुटले. ही कला अडून बसली आहे ती शेजारच्या गाडीपाशी.

सुरुवात १९८४ पासून करू. जेफ क्रॅमंड या ब्रिटिश माणसाने बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट मेमरीच्या संगणकासाठी ‘रेव्ह्ज’ लिहिला आणि फॉर्म्युला थ्रीची गाडी सिल्व्हरस्टोनवर धावू लागली. पुढे त्याच्याच ‘ग्रां प्री’ मालिकेने नव्वदच्या दशकातल्या पोरांच्या अभ्यासाचं वाटोळं केलं. अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांच्या पपायरस कंपनीने १९८९ मध्ये ‘इंडियानापोलिस ५००’ काढला. पण आजच्या सिम्युलेटरांचा मूळपुरुष म्हणायचा तो पपायरसचाच १९९८ सालचा ‘ग्रां प्री लेजंड्स’.

या चमूने विषय निवडला १९६७ चा फॉर्म्युला वनचा मोसम, आणि ही निवडच निम्मी कामगिरी होती. त्या वर्षी गाड्यांना पंख नव्हते, ते दुसऱ्या वर्षी आले. चारशेच्या आसपास अश्वशक्ती, अरुंद टायर आणि गाडी जमिनीला दाबून धरणारं काहीही नाही. अशी गाडी प्रत्येक वळणावर घसरतच जाते आणि चालकाने ती घसरण उजव्या पायाने सांभाळायची असते. जमिनीला चिकटून पळणाऱ्या आधुनिक गाडीच्या गणितातली चूक सहज लपते, इथे लपायला जागाच नव्हती. लोकांनी खोका विकत आणला, पहिल्याच वळणावर गाडी गर्रकन फिरवली, परत फिरवली आणि खोका माळ्यावर टाकला. धंद्याच्या दृष्टीने तो पडला. होंडाचं नाव वापरायला मिळालं नाही म्हणून त्या गाडीला ‘मुरासामा’ असं बनावट नाव द्यावं लागलं होतं, तेही त्याच्या नशिबाला शोभलंच. पण माळ्यावर न टाकणारे जे थोडे उरले, त्यांनी नंतर कितीतरी वर्षं त्याला नवे ट्रॅक आणि नव्या गाड्या पुरवल्या.

आता टायरकडे वळू, कारण सगळं भांडण तिथून सुरू होतं. वळताना टायर रोखलेला असतो एका दिशेला आणि प्रत्यक्षात जातो किंचित वेगळ्या दिशेला. त्या दोहोंमध्ये काही अंशांचा कोन असतो. कोन वाढतो तशी पकड वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग उतरू लागते. चढणीचा भाग सगळ्यांनाच जमतो, परीक्षा असते ती टोकाच्या पलीकडे. डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेयका यांचं प्रसिद्ध सूत्र ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून ओळखलं जातं. ते चाचणीयंत्रावरच्या मापांना जुळेल अशी वक्ररेषा काढून देतं. पण रबर तापलंय, गाडी आडवी झाली आहे, एका चाकावर भार आहे आणि दुसरं हवेत आहे, अशा वेळी ती रेषा कोणाच्या भरवशावर पुढे ओढायची? जुन्या सिम्युलेटरांत टोक ओलांडलं की पकड कडेलोट झाल्यासारखी नाहीशी व्हायची. गाडी बर्फावर असल्यासारखी वाटायची आणि खेळणारे त्या अवघडपणालाच खरेपणा समजायचे. हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसलेली माणसं सांगतात ते नेमकं उलटं: चांगली गाडी सुटण्याआधी इशारा देते आणि बरेचदा परतही येते. केमरने पुढे आयरेसिंगसाठी रबरापासून सुरुवात करून नवं टायर-मॉडेल उभारलं, ते २०११ मध्ये आलं आणि त्यावरची दुरुस्ती अजून चालूच आहे. आरफॅक्टर २ या दुसऱ्या सिम्युलेटरनेही सूत्रापेक्षा टायरची घडण मोजण्याचा मार्ग धरला.

इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या कंपनीचं कौतुक मात्र वेगळ्या कारणासाठी करायला हवं. रोमजवळच्या व्हालेलुंगा ट्रॅकच्या आवारातच त्यांचं बिऱ्हाड होतं. २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण झालेल्या त्यांच्या आसेतो कोर्सामध्ये पाऊस नव्हता, रात्र नव्हती, शर्यतीचे नियमही अर्धेमुर्धे होते. पण स्टीअरिंगमधून हाताला जे कळतं, ते इतक्या स्वच्छपणे पोचवणारं दुसरं काही त्या वेळी नव्हतं. घरी खुर्चीत बसलेल्या माणसाला गाडीचा झटका पाठीला कळत नाही, पोटात गोळा येत नाही. डोळे, कान आणि मनगटं एवढ्यावरच सगळा कारभार. त्यामुळे स्टीअरिंगची मोटर काय आणि किती सांगणार, हा निम्मा कलेचा भाग आहे, आणि कुनोसचा हात तिथे बसलेला होता. पाऊस आणि रात्र नंतर हौशी लोकांनी स्वतःच्या खटपटीने बसवली. त्याच हौशी लोकांनी ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही त्यात आणला. २०११ ते २०१३ या काळात तिथे झालेल्या तिन्ही इंडियन ग्रां प्री सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, मग फॉर्म्युला वन तिथून गेली ती परतली नाही. आता त्या ट्रॅकवर गाडी पळवायची सामान्य माणसाची सोपी वाट ही.

रस्त्याबद्दल फार बोलायला नको. पूर्वी छायाचित्रं आणि नकाशे पाहून ट्रॅक काढत. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंगने लेसरने रस्ता मोजण्याचा पायंडा पाडला आणि आता नामांकित सिम्युलेटरांत ती रीतच झाली आहे. सुमारे २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर कुठे गचका बसतो, कुठे गाडी हलकी होते, हे घरी शिकलेला माणूस प्रत्यक्ष जर्मनीत गेला तर अगदीच अनोळखी ठरत नाही.

आणि आता शेजारची गाडी. केमरने गुंतवणूकदार जॉन हेन्री यांच्याबरोबर आयरेसिंग उभारला. तो विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. महिन्याला सुमारे १३ डॉलर, शिवाय हवी ती गाडी बाराएक डॉलरला आणि ट्रॅक जास्तीत जास्त पंधराच्या घरात. भाडं थांबलं की विकत घेतलेल्या गाड्यांनाही कुलूप. हिशेबी माणसाला ही सरळ लूट वाटेल, मलाही पुष्कळ दिवस वाटत असे. पण हे पैसे गाडीच्या गणितासाठी नसतातच, ते वर्तनासाठी असतात. ट्रॅकबाहेर चाक गेलं, कुणाला धक्का लागला, की गुण कापले जातात. चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, दोघांचेही कापले जातात. हा धडधडीत अन्याय आहे आणि तरीही तो चालतो, कारण मागचा माणूस बेभरवशाचा असेल तर त्याला वाट देण्याचा शहाणपणा पुढच्यालाही शिकावा लागतो. अमेरिकेचा विल्यम बायरन शाळकरी वयात याच सिम्युलेटरवर शिकला. पुढे २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं त्याने डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. प्रत्येक पोराचं असं होईल असं कुणी समजू नये. पण गर्दीत गाडी चालवायला शिकता येतं, हे त्यातून दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या जानेवारीत आरफॅक्टर २ वर झालेल्या आभासी ल मां शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर असताना त्याची जोडणी तुटली आणि त्याने शर्यत सोडली. फॉर्म्युला वनचा जगज्जेता ज्यात उतरला त्या कार्यक्रमाची ही गत, तर पुण्यात किंवा नांदेडात बसलेल्याने काय अपेक्षा धरावी? युरोपातल्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला इथून एक दशांश सेकंदाहून अधिक वेळ लागतो. ताशी २५० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी सुमारे सात मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे शेजारी दिसणारी गाडी हा संगणकाने बांधलेला अंदाज असतो, आणि दोघांचे अंदाज जुळले नाहीत की न झालेली धडक होते. शिवाय युरोपात रात्रीचे आठ वाजतात, ट्रॅकवर गर्दी जमते, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा वाजून गेलेले असतात. घरातल्यांची झोप आणि सकाळची ड्युटी हे आपल्या खेळाडूचे खरे प्रतिस्पर्धी.

अलीकडच्या काळातली माझी मोठी तक्रार आहे ती अर्धकच्चा माल विकण्याच्या रीतीबद्दल. २०२५ च्या जानेवारीत आसेतो कोर्सा इव्हो आला तो २० गाड्या, ५ ट्रॅक आणि इतरांबरोबर शर्यत करण्याची सोयच नाही, अशा अवस्थेत. ल मां अल्टिमेट फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच अपुरा विकायला काढला आणि पूर्ण व्हायला २०२५ चा जुलै उजाडला. तो मात्र पूर्ण झाल्यावर उत्तम निघाला. आरफॅक्टर २ चं टायरचं ज्ञान आणि चांगली शर्यत यांची गाठ त्यात पहिल्यांदा नीट पडली. ब्राझीलच्या रेझा स्टुडिओजचा ऑटोमोबिलिस्टा २ विविधतेत श्रीमंत आहे, पण त्यावर शर्यतीला माणसं जमवणं कठीण. रेसरूम फुकट सुरू करता येतो आणि त्याच्या आवाजासाठी तरी एकदा ऐकावा.

साधनांचा खर्च लपवण्यात अर्थ नाही. कीबोर्डवर यातलं काहीही खेळू नये. लॉजिटेकचं जी२९ स्टीअरिंग आपल्याकडे पंचवीस हजारांच्या आसपास येतं. मोटरचा दांडा थेट स्टीअरिंगला जोडलेले ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ संच त्याच्या दुप्पट आणि वर. पण पैसे आधी कुठे घालायचे तर ब्रेकमध्ये. पाय किती खाली गेला याऐवजी पाय किती जोराने दाबला हे मोजणारं पेडल मिळालं, की लॅपची वेळ आपोआप सुधारते, कारण शर्यत ही बहुतांशी ब्रेक मारण्याचीच कला आहे. रस्त्यावर वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसालाही इतका जोरात ब्रेक मारायची सवय नसते. स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं तर जेवणाच्या वेळेला सोडवावं लागतं, हेही आधीच ठरवून घ्यावं. दृश्याची रुंदी पडद्यापासूनच्या अंतराप्रमाणे बसवली की सुरुवातीला सगळं संथ आणि अरुंद वाटतं, पण वळण किती लांब आहे याचा अंदाज तेव्हाच खरा येतो. यासाठी एक पैसाही लागत नाही आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत.

मग घ्यावं काय? ज्याला गाडीशी एकट्याने झटायचं आहे आणि संगणक जुना आहे, त्याने सवलतीच्या दिवसांत आसेतो कोर्सा घ्यावा. जीटी३ गाड्या आणि पावसातली रात्र हवी असेल तर २०१९ चा आसेतो कोर्सा कॉम्पेतित्सिओने, मात्र त्याला ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं. त्यावर लो फ्युएल मोटरस्पोर्ट या व्यवस्थेतून फुकट आणि बऱ्यापैकी शिस्तीच्या शर्यती मिळतात. आयरेसिंग घ्यायचा तर आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी खात्रीने मोकळ्या असाव्यात, नाहीतर ते भाडं रिकाम्या खोलीचं.

आणि ज्याला शेजारची गाडीच नको, त्याच्यासाठी रॅली आहे. तिथे मी कोडमास्टर्सच्या चकचकीत खेळांच्याही वर २००४ सालचा रिचर्ड बर्न्स रॅली ठेवीन. २००१ चा जगज्जेता रिचर्ड बर्न्स २००५ मध्ये वारला. खेळ बनवणारी कंपनी त्याआधीच दुसऱ्याच्या हाती गेली होती. नंतर हौशी मंडळींनी त्याचं गणित नव्याने लिहिलं, शेकडो नवे टप्पे बसवले आणि हंगेरीतून सुरू झालेल्या रॅलीसिमफॅन्सवर आजही त्याच्या स्पर्धा चालतात. चित्रं जुनाट आहेत. दुकानात तो मिळत नाही, मिळवून बसवायला एक संध्याकाळ जाते. सहचालकाच्या सूचना ऐकून पुढच्या वळणासाठी आत्ताच ब्रेक मारायची सवय लागायला त्याहून बराच जास्त वेळ जातो, आणि तोवर गाडी झाडाला टेकलेलीच असते.