चव पोचली, माणूस कुठे आहे?

रमजान आला की मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. लेखक शनिवारी संध्याकाळी मित्रांसह मुंबईच्या मुहम्मद अली रोडवर जातो, मिनारा मशिदीलगतच्या गल्लीत कबाब, मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी चाखतो, गर्दी आणि रोषणाईचे वर्णन करतो व 'एकदा तरी जाच' असे सांगून निरोप घेतो. हा लेखनप्रकार आता इतका रुळला आहे की त्याची समीक्षा व्हायला हवी.

यामागची भावना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर ज्या मोहल्ल्यांचे नाव अनेकजण दबकत घेत, तिथे मराठी माणूस हौसेने जेवायला जातो, ही समाधानाचीच गोष्ट आहे. घरी जेवायला आलेला माणूस आपल्याकडे परका राहत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. या लेखांत पदार्थांना नावे असतात, माणसांना नसतात. निहारी हा शब्द 'नहार' म्हणजे सकाळ यावरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजणारे हे पहाटेचे खाणे. पण रात्रभर देगीजवळ जागणारा कोण, तो कुठल्या गावाहून आला, हे कुणी विचारत नाही. एकाच थाळाभोवती बसून मिठाच्या चिमटीने जेवण सुरू करणारे बोहरी, मेमन, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, तांदळाची भाकरी आणि मासळी खाणारे कोकणी मुसलमान, सगळ्यांवर 'मुघलाई' हा एकच शिक्का बसतो. यातल्या कोकणी मुसलमानाच्या घरची बोली मराठीची सख्खी आहे, हेही लेखकाच्या गावी नसते.

हा रस्ता ज्यांच्या नावाचा मानला जातो ते मौलाना मुहम्मद अली जौहर स्वतः शायर आणि संपादक होते. 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी १९११ मध्ये काढले. शेजारच्या भेंडी बाजाराच्या नावाने गाण्याचे एक घराणे आहे. त्या घराण्याच्या नजीर खाँ यांच्याकडे अंजनीबाई मालपेकर शिकल्या, अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर. मराठी कानांना हे सूर ठाऊक आहेत, पुरवणीला मात्र ठाऊक आहे फक्त सीख कबाब.

मराठीत याहून चांगले नमुने आहेत. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालीच 'मुंबईचे वर्णन' लिहिले. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकर त्यांच्यासोबत त्या वस्तीत हिंडले. तेही पाहुणेच होते, पण विचारणारे पाहुणे होते. अरुण कोलटकरांनी 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या इंग्रजी संग्रहात फुटपाथवरच्या इडलीवर दीर्घ कविता लिहिली. तिथे इडलीइतकीच ती खाणारी माणसे दिसतात. वस्तीवर कसे लिहावे याचा धडा इथे आहे.

आमचे गाव लोणार तालुक्यातले बीबी. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मुलांनी मराठीही वाचावी म्हणून धडपडतो. त्या मराठीत आमच्या मुलाला स्वतःची ओळख केवळ शेगडीच्या धुरात सापडत असेल, तर त्याने ती भाषा आपली का मानावी? प्रश्न चवीचा नाही, भाषेत मिळणाऱ्या जागेचा आहे.

ही जागा कुणी आणून देणार नाही. भेंडी बाजारातल्या जुन्या इमारती २००९ मध्ये हाती घेतलेल्या पुनर्विकास योजनेखाली एकेक करून पडत आल्या आहेत. चाळी जातील तशा तिथल्या आठवणीही जातील. तेव्हा आपल्या लेखकांनीच मराठीत हा मोहल्ला लिहिला पाहिजे. त्यात निहारी जरूर असावी, पण देगीजवळ जागणाऱ्याच्या नावासकट.