बायोइन्फॉर्मॅटिक्सची एम.एस्सी. आणि डॉकिंगचा प्रोजेक्ट

"बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. केली तर पुढे स्कोप आहे का?" तुमच्यापैकी बरेच जण हे विचारतात. स्कोप आहे. पण अनेक अभ्यासक्रम त्यासाठीची तयारी करून घेत नाहीत, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतं शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये.

नेहमीचा प्रोजेक्ट कसा असतो? रोगाशी संबंधित एक प्रथिन घ्यायचं, हळद-तुळस-कडुनिंबातली काही संयुगं घ्यायची, ऑटोडॉक व्हिनामध्ये टाकायची आणि आलेले स्कोअर तक्त्यात मांडायचे. समजा, कर्क्युमिनला -८.६ आले आणि दुसऱ्याला -८.२. म्हणून कर्क्युमिन 'संभाव्य औषध'. झाला प्रोजेक्ट!

आता यातली गडबड बघा. संयुग प्रथिनाच्या खाचेत कसं आणि किती घट्ट बसेल, याचा अंदाज म्हणजे डॉकिंग. तो झटपट मिळावा म्हणून प्रथिन बहुतेक वेळा ताठ धरतात, पाण्याचे रेणू काढून टाकतात. त्यामुळे स्कोअरमध्ये दोनेक किलोकॅलरींची चूक सहज असू शकते. मग ०.४ च्या फरकावर निष्कर्ष कसा काढणार? त्यातून कर्क्युमिन अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत फसवे निकाल देतं, हे तर रसायनशास्त्रज्ञ कधीपासून सांगताहेत.

इथे नसतो तो कंट्रोल. प्रथिनासोबत ज्याची स्फटिक-रचना आधीच माहीत आहे, तो रेणू पुन्हा डॉक केल्यावर मूळ जागी बसतो का? निष्क्रिय म्हणून माहीत असलेल्या रेणूंना कमी दर्जाचे स्कोअर मिळतात का? हे तपासलं नसेल, तर तक्ता कितीही देखणा असला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

कॉलेजांची बाजूही आहे. प्रयोगशाळा नाही, सर्व्हर नाही, एका गाईडकडे ढीगभर विद्यार्थी. मान्य. पण त्याच लॅपटॉपवर 'जिओ' या सार्वजनिक साठ्यातला जनुक-अभिव्यक्तीचा डेटा फुकट उतरवता येतो आणि एखाद्या छापील पेपरातली एक आकृती पुन्हा तयार करून बघता येते. त्यात आर, लिनक्स आणि संख्याशास्त्र तिन्ही शिकावं लागतं. जीनोमिक्स कंपन्यांना आणि निदान करणाऱ्या लॅबना नेमकं हेच हवं असतं. नुसतं प्रथिनाचं मॉडेल बनवता येणं आता पुरेसं नाही. २०२२ मध्येच अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून जास्त रचना आल्या.

पीएच.डी. करायची असेल तर आणखी एक अडचण. सीएसआयआर-नेटमध्ये बायोइन्फॉर्मॅटिक्सचा वेगळा पेपर नाही. 'लाइफ सायन्सेस'च द्यावा लागतो. म्हणजे दोन वर्षं फक्त सॉफ्टवेअर चालवण्यात घालवली, तर पेशीशास्त्र आणि आनुवंशिकी नंतर एकट्यानं करत बसावं लागेल.

म्हणून प्रवेश घेण्याआधी फी आणि प्लेसमेंटचे आकडे बघालच. पण विभागात जाऊन मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रोजेक्टही मागून वाचा. त्यात कंट्रोल कुठे आहे, ते शोधा. सापडला, तर तिथे संशोधन शिकवतात. नाहीच सापडला, तर बटणं दाबायला तुम्ही घरबसल्याही शिकाल.