खोट असलेल्या खेळांची ओढ

जव्हारच्या एसटी स्थानकात मोखाड्याकडच्या गाडीची वाट पाहत बसलं, की एका मोबाइलभोवती जमलेली पोरं हमखास दिसतात. फोन एकाचा, डोकी चार. पडद्यावर बरेचदा 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' चालू असतो. या खेळात एक फोन दिलेला आहे. त्यावर ठरावीक आकडे फिरवले की समोर मोटारसायकल येऊन उभी राहते, दुसरे आकडे फिरवले की चारचाकी. पोरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. मी पाहत होतो त्या दिवशी त्यांची गाडी भिंतीवर आपटली, पुढचं चाक भिंतीत रुतलं आणि ती जागेवरच थरथरायला लागली. "बग आहे, बग आहे," म्हणत चौघं इतके हसले, की शेजारची बाई वळून पाहायला लागली. मग पुढची पंधरा मिनिटं ते गाडी पुन्हा तशीच अडकावी म्हणून धडपडत होते. शहर फिरणं, शर्यत, सगळं बाजूला पडलं. खेळ जिथे फाटला होता, तिथेच त्यांना खेळायचं होतं.

ही ओढ मला पूर्ण ओळखीची आहे. चांगला नाही हे ठाऊक असूनही आवडणारा खेळ माझ्यापाशीही आहे आणि बरीच वर्षं मी ते कुणाला सांगत नव्हतो. चोरून खाल्लेल्या गुळासारखं ते सुख. आता मला वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटायलाच हवी असेही खेळ आहेत, पण ते वेगळे.

माझा खेळ 'आयजीआय'. डिसेंबर २००० मध्ये आलेला. 'इनरलूप' नावाच्या नॉर्वेतल्या मंडळींनी तो बनवला होता. चौदा मोहिमा, एकटा नायक डेव्हिड जोन्स, लष्करी तळ. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर तालुक्यातालुक्यांत संगणकाचे वर्ग निघाले आणि सर बाहेर गेले की कितीतरी वर्गांत हाच खेळ चालू व्हायचा. त्याच्यातल्या चुका मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. मोहिमेच्या मध्येच खेळ जतन करायची सोयच नाही. अर्धा तास दबकत दबकत शेवटच्या इमारतीपर्यंत पोचायचं, तिथे एका गोळीत मरायचं आणि पुन्हा कुंपणापासून सुरुवात. एका पहारेकऱ्याला उडवलं तरी दहा पावलांवरचा दुसरा ढिम्म उभा. धोक्याची घंटा मात्र एकदा वाजली, की बराकीच्या दारातून सैनिक येतच राहतात, येतच राहतात. एवढ्याशा खोलीत इतके मावतात कसे, हा प्रश्न तेव्हाही पडायचा.

तरीही त्या खेळाने मला जे दिलं ते पुढच्या कितीतरी देखण्या, निर्दोष खेळांनी दिलेलं नाही. जतन करता येत नाही म्हणून प्रत्येक पाऊल जड होतं. कॅमेऱ्याची मान कुठे वळते, पहारेकरी कोपऱ्यावर किती वेळ थांबतो, हे वहीत टिपून ठेवावं लागायचं. दुर्बीण लावून टेकडीवर बसून राहावं लागायचं. आणि त्या टेकड्या! 'इनरलूप'च्या मंडळींनी आधी, १९९७ मध्ये, लढाऊ विमानाचा एक खेळ केला होता आणि त्याचंच गेम-इंजिन इथे वापरलं होतं. त्यामुळे तळाच्या कुंपणाबाहेर मैलोन्‌मैल जमीन पसरलेली. तिथे काहीच नाही. शत्रू नाही, बक्षीस नाही, झाडंसुद्धा विरळ. खेळाच्या हिशेबाने ही निव्वळ उधळपट्टी. मी मात्र मोहीम सोडून त्या रिकाम्या डोंगरांत चालत जायचो. जव्हारच्या पठारावर उन्हाळ्यात गवत जळून गेल्यावर जी उघडी, लांबच लांब जमीन दिसते, तसं काहीतरी तिथे होतं. कुठल्याही रचनाकाराने ते माझ्यासाठी मांडलेलं नव्हतं. खोटीमुळेच ते मला सापडलं होतं.

सिनेमा वाईट असला तर आपण बाहेरून पाहतो, फार तर हसतो. खेळ वाईट असला तर ती चूक आपल्या हाताला लागते. बराकीतून येणाऱ्या सैनिकांचा ओघ थांबत नाही, म्हणून घंटा वाजूच न देण्याची शिस्त आपल्याला अंगी बाणवावी लागते. यंत्राचा नियम जिथे तुटतो, तिथे खेळणाऱ्याचा नियम सुरू होतो. माझ्या लेखी या सुखाचं मूळ इथे आहे.

२००६ च्या अखेरीस आलेल्या 'क्रिकेट ०७' चं तेच. अधिकृत परवाना होता तो ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा. बाकीच्या संघांत खेळाडूंची नावं बदललेली. पुढे सरसावून उचलून मारायची वेळ एकदा जमली की षटकार किती निघतील याला धरबंध नाही. समालोचनातली रिची बेनो आणि मार्क निकोलस यांची तीच ती वाक्यं. या मालिकेतला संगणकावरचा पुढचा खेळ नंतर आलाच नाही. मग खेळणाऱ्यांनीच नावं दुरुस्त केली, नव्या जर्सी शिवल्या, नवे संघ भरले आणि खेळ वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. कंपनीने सोडलेल्या घराची डागडुजी भाडेकरूंनी केली. त्या घरावर त्यांचा जीव बसला तर नवल काय?

मोखाड्याच्या जगदंबेच्या बोहाड्याला, मुखवट्यांच्या त्या उत्सवाला, रात्र काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. सोंग येतं तेव्हा मुखवट्याआड कोण आहे हे समोरच्यांना माहीत असतं. कोणतं सोंग कुठल्या घराकडे आहे हेही माहीत असतं. मुखवटा जड, त्याच्या भोकांतून धड दिसत नाही, पाऊल चुकतं. संबळ चालू असतो आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. सोंगातली खोट झाकून टाकावी असं तिथे कुणाला वाटत नाही. पाहणाराही त्यात आपला वाटा घालतो आणि मग देव उभा राहतो. खेळांबद्दल बोलताना मात्र आपण ही समज घरी ठेवून येतो. मराठीत खेळांवर जे लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक व्यसन, डोळे आणि परीक्षेचे गुण यांच्याभोवती फिरतं. त्या चिंता खऱ्या आहेत. पण कादंबरी बिघडली तर ती कशी बिघडली हे आपण पानंच्या पानं सांगतो. खेळ कसा बिघडला आहे, कुठे साधला आहे, हे सांगणारी भाषा आपण घडवलेली नाही.

ती नसल्याने एक मोठा घोटाळा होतो. सगळ्या खोटी एकाच मापाने मोजल्या जातात.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' घ्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी चिकाटीने २०२० मध्ये खेळ बाहेर आणला. राजस्थानी वास्तुकलेची आठवण देणारे महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. लढाई मात्र सैल आहे. वार बसला की नाही ते हाताला नीट जाणवत नाही. गोष्ट तर रंगात आली असतानाच संपते. मला ही खोट प्रिय आहे, कारण ती ऐपतीपेक्षा मोठं स्वप्न पाहिल्याची आहे. उलट २६ जानेवारी २०२१ रोजी आलेला 'फौजी'. आदल्या सप्टेंबरच्या २ तारखेला 'पबजी'वर बंदी आली आणि दोनच दिवसांत याची घोषणा झाली. गलवानचं खोरं, गणवेश, देशप्रेम, सगळं होतं. खेळ म्हणून हाती आली ती तीच ती हाणामारी. तिथली खोट घाईची होती आणि लोकांच्या भावनेवर तिचा भार टाकलेला होता. तो खेळताना मला कधीच जिव्हाळा वाटला नाही.

तिसरी खोट सगळ्यांत वाईट, कारण ती चूक नसतेच, मुद्दाम ठेवलेली असते. 'फ्री फायर' गावोगाव पोचला तो हलक्या फोनवर चालायचा म्हणून, आणि ही त्याची खरी कामगिरी होती. महागड्या फोनवाल्यांनी त्याच्या चित्रांना नाकं मुरडली, मोखाड्यातल्या पोराला त्याच्यामुळे पहिल्यांदा जगाशी खेळता आलं. पण त्याच खेळात 'डायमंड' विकत घ्यायला लावणारी पेट्यांची सोडत आहे. काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि उघडायला पैसे. १४ फेब्रुवारी २०२२ च्या बंदीने मूळ खेळ गेला, त्याची 'मॅक्स' आवृत्ती राहिली. बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. त्यात पेट्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. वीटभट्टीवरच्या मजुरीतून रिचार्ज करणाऱ्या घरातल्या मुलाकडून नशिबाच्या पेटीसाठी पैसे काढणं, याची लाज बनवणाऱ्याला वाटली पाहिजे. ती आपण खेळणाऱ्याच्या माथी मारतो.

या डोंगराळ भागात एक गोष्ट आपोआप घडते, आणि ती मला फार आवडते. पाड्यावर रेंज नसली की जिथे तिथे टपकणाऱ्या जाहिराती येत नाहीत. नेटशिवाय चालणारे साधे, खडबडीत खेळ तेवढे उरतात आणि तेही स्वच्छ होऊन. दिवाळीनंतर घरं भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, तेव्हा फोनबरोबर हेच खेळ जातात.

त्यांतला माझा सगळ्यांत लाडका 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया', २०१७ चा. त्याआधीच्या वर्षी इंडोनेशियात रस्त्याकडेला उभी राहून बसचालकांकडे सुरावटीच्या हॉर्नची मागणी करणाऱ्या पोरांचं वेड जगभर गाजलं होतं. हा खेळ त्याच मातीतला. गाडीचं वजन जाणवत नाही, समोरून येणारी वाहनं काहीही करतात. पण खेळणाऱ्याला गाडीचं रंगरूप बदलायची मुभा आहे, आणि महाराष्ट्रातल्या पोरांनी तिथे लालपरी रंगवली. तिकडेही वाहतूक डाव्या बाजूने, सुकाणू उजवीकडे, दार डावीकडे. म्हणून एसटी जावाच्या रस्त्यावर परकी वाटत नाही. भातखाचरं, घाट, पाऊस, सगळं ओळखीचं.

तोरंगण घाटातून येणाऱ्या गाडीत मी एका मुलाला हा खेळ खेळताना पाहिलं. अकरा-बारा वर्षांचा असेल. पडद्यावरच्या लाल गाडीला 'जव्हार–नाशिक' अशी पाटी. थांब्यावर गाडी उभी असताना चालकाने मागे येऊन तो पडदा बराच वेळ पाहिला. पाटी पाहिली, वळण घेताना कुठे चुकतोय ते सांगितलं. मग मुलाने हॉर्न दाबून दाखवला. तिकडचा, सुरावटीचा.

"हा आपला हॉर्न नाही," चालक म्हणाला.

"ठाऊक आहे, काका," मुलगा म्हणाला. त्याने फोनचा आवाज पूर्ण बंद केला, गाडी वळणावर नेली आणि तोंडाने भोंगा वाजवला.