मारिओ : एका खेळाचा परामर्श

बालपणीच्या खेळांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, त्यात खेळ थोडा आणि बालपण फार असा प्रकार आढळतो. लेखक खेळाची स्तुती करीत आहे असे भासते. वस्तुतः तो आपल्या दहाव्या वर्षाची स्तुती करीत असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या टीव्हीवरील खेळाच्या वाट्यास हे विशेषच आले. 1985 साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने तो काढला. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचे. ही नावे आमच्याकडील मुलांस ठाऊक नव्हती, कारण खेळात ती कोठेच येत नाहीत. आणि ज्यावर कर्त्याचे नाव नाही ते खेळणे, कृती नव्हे, अशी समजूत होणे साहजिकच होते. आमच्या मते ती कृती आहे, आणि कृतीप्रमाणेच तिची परीक्षा झाली पाहिजे.

शेंद्रा हे गाव परिचयाचे म्हणून उदाहरणास घेतो. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याकडे जाताना ते लागते. 2001 साली तेथे स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि त्याचे नाव दूरवर गेले. त्या सुमारास गावात जे यंत्र येई ते अस्सल जपानी नव्हे, स्वस्तातील नक्कल. कॅसेटवर 9999 खेळांचा दावा असे आणि आत पाचपंचवीस खेळच नावे बदलून पुनःपुन्हा भेटत. चित्र उमटले नाही की कॅसेट काढून फुंकावयाची, हा विधी सर्वत्र सारखाच. अशा चोरट्या वाटेने आलेली वस्तू ज्या मुलांच्या हाती पडली, त्यांच्या मराठी शाळेत 2000 सालापर्यंत इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. सोबत माहितीपत्रक नाही, सांगणारे कोणी नाही. तरी सात वर्षांचे पोर घटकाभरात खेळू लागे. हे कसे घडले, याचे उत्तर मुलाच्या हुशारीत शोधण्याची चाल आहे. आम्ही ते रचनेत शोधतो.

पहिला पट पाहावा. मारिओ डाव्या बाजूस उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. जावयाचे कोठे हे विचारावे लागत नाही. दोन पावलांवर प्रश्नचिन्हाची पेटी तरंगते. प्रश्नचिन्ह मराठी वाचनमालेतही असते. येथे काही विचारावयाचे आहे इतके मूल जाणते. तोच समोरून एक मिशीवजा भुवयांचा शत्रू येतो. त्यास धडकले तर मरण, पण ते मरण स्वस्त, कारण आरंभ चार पावलांवरच आहे. उडी मारली तर डोके पेटीस लागते आणि आतून अळंबी निघते. ती उजवीकडे सरकते, पुढील नळावर आपटून माघारी फिरते. वर विटांचे छप्पर असे ठेंगणे की भिऊन उडी मारणाऱ्याचीही तिच्याशी गाठ पडावी. आमच्याकडील मुले अळंबीस कुत्र्याची छत्री म्हणत आणि तिला हात लावू नये असे घरोघरी बजावलेले असे. येथे ती अंगाला लागताच मारिओ दुप्पट होतो! एका अक्षराविना इतके शिकविणारा पहिला धडा आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.

मियामोतो यांनी पुढे हा क्रम हेतुपूर्वक योजल्याचे सांगितले आहे, तेव्हा हा आमचा कल्पनाविलास नव्हे. सारा खेळ अवघ्या 40 किलोबाइटांत बसविलेला. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्र याच्या कित्येक पट मोठे असते. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही एकच आकृती, रंग तेवढा निराळा. जुनी साडी उलटून गोधडीस लावणाऱ्या गृहिणीस ही काटकसर चटकन उमजावी.

मोक्षपटाशी तुलना येथे सुचते. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते; आजची सापशिडी त्याच कुळातील. तेथे चढणे-पडणे कवड्यांच्या दानावर. येथे जो खड्ड्यात पडतो तो आपल्याच उडीने पडतो. बोट कळीवर जितका वेळ टेकावे तितकी उडी उंच, आणि हवेत असतानाही दिशा थोडी वळविता येते. म्हणून हरलेले मूल नशिबास दोष न देता पुन्हा बसते. शिवाय मागे गेलेला पडदा परत येत नाही. सुटलेले नाणे सुटले.

दोष सांगितले पाहिजेत. बत्तीस पटांपैकी पाचव्या भागापासून कित्येक जुनेच पट नव्या शत्रूंसह परत येतात. तेथे काटकसरीचा कंजूषपणा होतो. राजकन्या केवळ बक्षीस आहे, तिला स्वभाव नाही. सात किल्ल्यांअखेर राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचा जो निरोप मिळतो तो इंग्रजीत. आमच्या मुलांस समोरचा सेवकच सोडवावयाचा होता असे वाटे आणि ती आनंदाने पुढे जात. खेळाच्या कर्त्यांस अभिप्रेत असलेली निराशा शेंद्र्यापर्यंत पोहोचलीच नाही.

सर्वांत मोठे न्यून मात्र आमच्याकडेच उघडे पडले. या खेळास स्मरण नाही. बंद झाला की आरंभापासून. क्योतोत त्याने फार बिघडले नसेल. भारनियमनाच्या वर्षांत, सातव्या भागात वीज गेली की तीन तासांचे श्रम पाण्यात! त्यातून दोघे भाऊ खेळत असले तर थोरला मारिओ, धाकटा लुईजी, आणि थोरला मरेपर्यंत धाकट्याने वाट पाहावयाची. शेवटचा किल्ला तर चकव्याचा: चुकीची वाट धरली की तीच भिंत, तोच नळ पुन्हा पुढे. तो पार करणारी मुले थोडीच. ज्यांनी केला त्यांस दिसले की खेळ पहिल्या पटापासून पुन्हा सुरू होतो, फक्त भुवयांच्या शत्रूच्या जागी आता कठीण पाठीचे भुंगे असतात, आणि त्यांस आग लागत नाही.